शेंडे डॉक्टरांचे दहा आकडे

शेंडे डॉक्टर कुणाच्याही घरात सरळ शिरत नसत. उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, हात मागे बांधायचे, मान जराशी खाली घालायची आणि ओठांतल्या ओठांत एक ते दहा मोजायचे. दहा झाले की उजवं पाऊल आत. मधेच कुणी ‘या, या’ म्हणालं तर पंजा दाखवून त्याला थांबवायचे, आणि फारच आग्रह झाला तर आकडा चुकला म्हणून पुन्हा एकपासून सुरुवात करायचे. बालाघाटच्या आमच्या कॉलनीत नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्याच आठवड्यात त्यांना दोन गोष्टी सांगाव्या लागत. नळाला पाणी पहाटेच येतं, आणि दारात शेंडे डॉक्टर पुटपुटत उभे दिसले तर घाबरायचं नाही.

ते आमचे शेजारी. जनावरांचे सरकारी डॉक्टर म्हणून जिल्हाभर फिरले, लामत्याला राहिले, मलाजखंडकडे राहिले, आणि दोन हजार सालाच्या आगेमागे निवृत्त होऊन बालाघाटच्या आपल्या घरात स्थिरावले. आम्ही शेजारी राहायला आलो ते त्यानंतर. मी तेव्हा मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे दिवसभर ‘जोड़ो, घटाओ’ आणि घरी आल्यावर मराठी. आमचे हे कलेक्टर कचेरीत. संध्याकाळी चहाच्या वेळी डॉक्टर यायचे, दारात उभे राहायचे, आणि गणिताच्या बाईच्या दारात रोज कुणीतरी दहापर्यंतच मोजून थांबतं याची मला हळूहळू चीड येऊ लागली होती.

एकदा मी विचारलंच, हे काय आहे म्हणून. डॉक्टरांना प्रश्न आवडला. त्यांनी बशी खाली ठेवली.

“वहिनी, नायट्रोजनमधून काढलेली नळी एकदम पाण्यात टाकली, तर आतल्या भ्रूणाले तडा जाते. आधी हवेत धरायची, दहा मोजायचे, मंग कोमट पाण्यात. आधी हवा, मंग पाणी. मानसाचंबी तसंच हाये. बाहेरचा मानूस एकदम घरात घेऊ नये.”

आता ही नळी काय आणि भ्रूण कुणाचं, हे मला तेव्हा जितकं कळलं तितकं सांगते. चांगल्या गायीच्या पोटातून सुईनं बीज काढायचं. प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत त्याचा चांगल्या वळूच्या बीजाशी संयोग करायचा. आठवडाभरानं तिथं एक दाणा तयार होतो, मोहरीहूनही पुष्कळ बारीक. तो पेनच्या रिफिलीएवढ्या नळीत भरायचा, अगदी हळूहळू थंड करत न्यायचा आणि शेवटी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवायचा. तिथं तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. वाढत नाही, सडत नाही. मग एखादी दुसरी गाय माजावर येऊन आठवडा झाला की नळी बाहेर काढून वितळवायची आणि तो दाणा तिच्या गर्भाशयात सोडायचा. सगळं जमलं तर नऊ महिन्यांनी वासरू. न जमण्याचीच शक्यता जास्त. काढताना घाई झाली तर तडा, उशीर झाला तरी नाश.

“आणि वीस वर्सांनी काढलं तरी वासराचं वय शून्यच,” डॉक्टर म्हणाले.

आमचे हे म्हणाले, मग माझ्या बढतीची फाइलही कुणीतरी त्यातच ठेवलेली दिसते.

“गोठलं म्हणजे मेलं नाही, भाऊ,” डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य. बंद पडलेलं घड्याळ, सासऱ्याशी अबोला धरलेला जावई, चौकातलं वर्षभर रखडलेलं गटाराचं काम, सगळ्यांवर त्यांचं हेच मत असे. दुसरं वाक्य होतं, ‘घाई म्हणजे तडा.’ ते त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातसुद्धा वापरलं. खिशात कायम थर्मामीटर. खीर वाढली की आधी त्यात थर्मामीटर घालायचे, आकडा बघायचे, रुमालानं पुसून खिशात ठेवायचे आणि मगच चमचा उचलायचे. तोच थर्मामीटर सकाळी कुठं होता हे मी कधी विचारलं नाही. आमच्या नव्या फ्रिजवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. म्हणाले, “याच्यात काही गोठत नाही वहिनी, नुस्तं कुडकुडते.”

एक गोष्ट आमच्या ह्यांच्या लक्षात आली होती. डॉक्टर दुकानात शिरताना मोजत नसत. बँकेत नाही, बसमध्ये नाही, लग्नाच्या मांडवात नाही. फक्त घराच्या दारात. ह्यांनी तसं विचारल्यावर ते म्हणाले, दुकानाले उंबरा नसते. हे उत्तर मला पटलं नव्हतं, पण शास्त्रीय माणसाशी फार वाद घालण्यात अर्थ नसतो. शिवाय माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं दार दिसे. बाजारातून आले की ते स्वतःच्या हातानं कुलूप उघडायचे, दार ढकलायचे, आणि आत चिटपाखरू नसताना दहा मोजत उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. हातातल्या पिशवीतून कोथिंबीर डोकावत असायची.

घरात ते एकटेच. बायको मालतीबाई आम्ही तिथं राहायला येण्याच्या आधीच गेल्या. मुलगी रायपूरला. ती दर दिवाळीला येऊन ‘बाबा, आता माझ्याकडे चला’ म्हणायची, आणि डॉक्टर दर दिवाळीला तेच सांगायचे, की मी आलो तर डब्यात नायट्रोजन कोण भरंल.

हा डबा म्हणजे त्यांच्या बैठकीतला मुख्य पाहुणा. अॅल्युमिनियमचा, दुधाच्या कॅनसारखा, बुटका आणि जाड मानेचा. खुर्च्यांच्या रांगेत एका लाकडी स्टुलावर तो बसलेला असे, अंगावर मालतीबाईंनी क्रोशानं विणलेलं पांढरं आवरण. त्याच्यावर कुणी पेपर ठेवला तर डॉक्टर तो न बोलता उचलून घेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी रीतसर ओळख करून दिली. म्हणाले, ही चांदणी.

चांदणी ही मालतीबाईंची गाय. माहेराहून आलेल्या गायीची नात. अस्सल गवळाऊ, आमच्या या भागातली जुनी जात. पांढरीशुभ्र, चणीनं हलकी, लांबट तोंडाची, डोळे बदामी. दूध बेताचं, पण मालतीबाईंचा तिच्यावर जीव होता. चांदणीला कालवड होईना, आणि वय होत चाललं, तेव्हा डॉक्टरांनी आपली सगळी ओळख वापरून नागपूरच्या एका प्रयोगशाळेतली माणसं बालाघाटला आणवली. त्यांनी तिचं बीज नेलं आणि तीन नळ्या परत पाठवल्या. मालतीबाई असतानाच दोन नळ्या दोन गायींना देऊन झाल्या. दोन्ही वेळा गर्भ धरला नाही. मग मालतीबाई आजारी पडल्या आणि गेल्या, आणि त्यांच्यामागून वर्षाच्या आत चांदणीही गेली. राहिली ती एक नळी. डॉक्टर तिला तेव्हापासून जपत होते.

नायट्रोजन उघड्यावरच्या कापरासारखा उडून जातो. दर काही दिवसांनी डबा भरावा लागे. त्यासाठी डॉक्टर जीप करून गोंदियाला जायचे, आणि येताना राजेगावच्या नाक्यावर त्यांची हमखास अडवणूक व्हायची. एकदा नवीनच आलेल्या शिपायाला डब्यात मोहाची दारू असणार असा दाट संशय आला. त्यानं विचारलं, इसमें क्या है? डॉक्टरांनी आयुष्यात खोटं बोललेलं मी ऐकलं नाही. ते म्हणाले, गाय है. शिपायानं डब्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. “पूरी गाय?” “अभी पूरी नहीं है,” डॉक्टर म्हणाले, “अभी तो दिखती भी नहीं.” त्यानं झाकण उघडायला लावलं. आतून पांढरा धूर उसळला आणि त्याच्या टेबलावरून, वहीवरून, पायांवरून ओघळत खाली गेला. शिपाई चौकीबाहेर जाऊन उभा राहिला. त्यानंतर जीप दिसली की तो लांबूनच बांबू वर करायचा आणि गाडीला हात जोडायचा, असं जीपवाला सांगे.

‘मग ही नळी एखाद्या गायीला देऊन का टाकत नाही?’ असं त्यांना सगळेच विचारत. मीही विचारलं. त्यावर त्यांची उत्तरं तयार असत. ऊन फार आहे. पाऊस फार आहे. गाय हडकुळी आहे. गाय चांगली आहे पण मालक हडकुळा आहे. दरवर्षी पोळ्याला बैल सजून चौकात आले की ते ठरवत, आता दिवाळीनंतर नक्की. दिवाळी व्हायची, मुलगी येऊन जायची आणि डबा पुन्हा भरला जायचा. मला त्यांचा राग यायचा. उत्तरपत्रिकेत सगळं गणित बरोबर करून उत्तराची ओळ कोरी सोडणाऱ्या मुलींवर मी अशीच चिडायचे.

एका ऑक्टोबरात, शाळेला दसऱ्या-दिवाळीची सुट्टी लागलेली असताना, डॉक्टर सकाळीच आले. दहा मोजले, पण आवाज नेहमीचा नव्हता. आत येऊन ते बसले नाहीत.

“वहिनी, डब्याले घाम आला.”

मी जाऊन पाहिलं. क्रोशाचं आवरण ओलं झालं होतं. ते काढल्यावर डब्याच्या बाहेरच्या अंगावर पांढरट दव दिसलं. डॉक्टरांनी समजावलं, की डब्याला दोन भिंती असतात आणि मधे पोकळी. ती पोकळी गेली की बाहेरची ऊब आत शिरते. आता कितीही भरला तरी नायट्रोजन टिकणार नाही, एक-दोन दिवसांत डबा कोरडा पडेल. मग नळी संपली.

मी म्हटलं, एवढंच ना, जनावरांच्या दवाखान्यातल्या डब्यात ठेवा. आमच्या ह्यांनीही हेच सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली. ते बराच वेळ त्या ओल्या आवरणाची घडी करत राहिले. घडी झाली, मोडली, पुन्हा केली.

“ठेवता येते,” ते म्हणाले. “मंग तो डबा बिघडंल तवा?”

त्यांनीच पुढे सांगितलं, की लामत्याच्या सगुणाबाईची काळी गाय, जांभळी, गेल्या आठवड्यात माजावर आलती. दिवस बरोबर जुळून राह्यले. गाय धडधाकट हाये. मालकीणबी धडधाकट हाये. मग म्हणाले, सोबत कुणी असलं तर बरं होईल. हे त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं. आयुष्यभर एकट्यानं रानोमाळ हिंडून अडलेल्या गायी-म्हशी सोडवलेला माणूस सोबत मागतोय म्हटल्यावर मी पदर खोचला.

आम्ही सकाळच्या छोट्या, अरुंद रुळांच्या गाडीनं निघालो. नळी दवाखान्यातून मागून आणलेल्या प्रवासाच्या लहान डब्यात, डबा डॉक्टरांच्या मांडीवर, माझ्या पिशवीत पाण्याचा थर्मास आणि भाकऱ्या. समोरच्या बाकावरच्या म्हातारबुवांनी विचारलं, तेल आहे का. डॉक्टर नाही म्हणाले. तूप? नाही. मग काय? डॉक्टर नेहमीप्रमाणे गाय म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते. ते म्हणाले, घरचं मानूस हाये. म्हातारबुवांना वाटलं, डब्यात अस्थी आहेत आणि आम्ही नर्मदेला निघालोय. त्यांनी डब्याला नमस्कार केला आणि लामता येईपर्यंत विडी पेटवली नाही. मला हसू आवरेना. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

सगुणाबाई साठीच्या, ठसठशीत, तिरोड्याकडच्या माहेरच्या. अंगण सारवून आमची वाटच पाहत होत्या. जांभळीला त्यांनी आंघोळ घातली होती, कपाळाला हळदकुंकू लावलं होतं. सूनबाईला दिवस जाणार असल्यासारखा सगळा थाट. गोठ्यात शिरण्याआधी डॉक्टर घराच्या उंबऱ्याबाहेर थांबले, दहा मोजले, पाणी प्यायले आणि कामाला लागले.

आणि काम करताना मी पाहिलेले शेंडे डॉक्टर निराळेच होते. एक शब्द वाया नाही, एक हालचाल जास्त नाही. गाय तपासली. लांब बारीक सळई पुसून तयार ठेवली. थर्मासमधलं पाणी पेल्यात ओतून त्यात थर्मामीटर धरला, थोडं गार पाणी घातलं, पुन्हा पाहिलं. हाताला कळेल न कळेल इतकं कोमट. पेला माझ्या हातात दिला. चिमटा घेतला. डब्याचं झाकण उघडलं, पांढरा धूर गोठ्यातल्या गवतावर पसरला, आणि तिथं ते थांबले.

“वहिनी, मी नळी धरीन,” ते म्हणाले. “तुमी मोजा.”

मी म्हटलं, अहो, रोज तर तुम्हीच मोजता.

“ते येगळं. हे मले मोजता येत नाही. दोन्ही वक्ती तिनंच मोजलं होतं.”

मी पेला दोन्ही हातांनी धरला. त्यांनी नळी वर उचलली. पेनच्या रिफिलीएवढी नळी, तिच्याभोवती धुराचा एक धागा. मी मोजू लागले. अठ्ठावीस वर्षं मुलींना आकडेमोड शिकवली, पण दहा आकडे इतके जपून कधी मोजले नव्हते. सगुणाबाई भिंतीला टेकून हात जोडून उभ्या होत्या. दहा म्हटलं आणि नळी पेल्यात गेली. डॉक्टर वाकून तिच्याकडे पाहत राहिले. आतला बर्फ विरून पाणी नितळ झालं, त्यांनी नळी पुसली, सळईत बसवली आणि गायीकडे वळले. पुढचं सगळं इतकं झटपट झालं की जांभळीनं फक्त एकदा मान वळवून पाहिलं आणि पुन्हा कडबा खाऊ लागली.

मग डॉक्टर अंगणातल्या खाटेवर बसले. हात धुतले होते तरी पुसत राहिले. सगुणाबाई चहा टाकायला आत गेल्या होत्या.

“दहा आकड्यांचा नियम नळीचा हाये,” ते म्हणाले. “दाराचा नियम तिचा होता.”

मी हातातला पेला खाली ठेवला.

“गोठ्यातून आलो का अंगाले वास राहे. मी उंबऱ्याबाहेर उभा. आतून ती म्हणे, थांबा, दहा मोजा, पाणी आणून राह्यली. पाय धुतल्याबिगर आत घेत नसे. दहा म्हटलं का तांब्या हजर. नवाले कधी आला नाही, अकराले कधी गेला नाही. कशी साधे कोण जाणे. तिनं नळीवर मोजणं माझ्याकडून घेतलं, का मी दारात मोजणं तिच्याकडून, तेबी आता आठवत नाही.”

मी विचारलं, मग अजून कशाला मोजता?

“सवय,” ते म्हणाले. मग म्हणाले, “दहा होतात. कोणी येत नाही. मंग मी आपला आत जातो.”

तेवढ्यात सगुणाबाईंनी चहा आणला. डॉक्टरांनी त्यात थर्मामीटर घातला नाही. तसाच प्यायले, जीभ भाजली असणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला मी जांभळीच्या कपाळावरचं कुंकू सारखं करायला गोठ्यात गेले.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा लामत्याला गेलो, गाय नीट आहे ना बघायला. गोठ्याच्या दारातूनच धूर येत होता. आत पाहिलं तर जांभळीच्या पाठीवर दोन गोधड्या, पोटावरून एक जुनं लुगडं गुंडाळलेलं, पायांशी गोवऱ्यांची शेगडी. गाय जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. शेजारी घमेल्यात गूळ-ओव्याचा गरम काढा. सगुणाबाई घामाघूम होऊन वारा घेत होत्या, स्वतःला. गायीला वारा लागू नये म्हणून खिडकीला पोतं लावलेलं होतं.

मी डोळे मिटले. अशा वेळी गायीला उष्णता अजिबात सोसत नाही हे डॉक्टरांनी मला गाडीतच सांगितलं होतं. मलाजखंडला असताना एका मालकानं व्यालेल्या म्हशीपाशी शेकोटी पेटवली म्हणून त्यांनी त्याला भर बाजारात झाडलं होतं, ही कथाही मी ऐकून होते.

डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं, सगुणाबाई, हे काहून?

“बर्फातलं लेकरू हाये न जी,” सगुणाबाई म्हणाल्या. “इतके वर्सं थंडीत होतं. थंडी वाजत असंल त्याले.”

डॉक्टरांनी आधी शेगडी बाहेर नेली. लुगडं सोडलं. एकेक गोधडी काढली, अंगणात झटकली, चारी कोपरे जुळवून घडी केली आणि दोन्ही हातांनी सगुणाबाईंना परत दिली. खिडकीचं पोतं काढलं. जांभळीनं मोठा श्वास सोडला.

“त्याची थंडी कवाच गेली,” ते म्हणाले. “आता आईच्या पोटाची ऊब पुरे हाये. तुमी फक्त सावलीत बांधा न पाणी पाजा.”

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर पाहत बसले. मला वाटलं, गर्भ गेला असं त्यांनी मनाशी धरलंय. मग एकदम म्हणाले, “तिनं चार दिवस गोधडी घातली, मी इतके वर्सं बर्फात ठेवलं. दोघांत येडं कोन, ते तुमी सांगा.” शेजारच्या बाईनं वळून पाहावं इतके आम्ही दोघं हसलो.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ते दारात मोजू लागले की पाण्याचा तांब्या घेऊन जावं, असं मला रोज वाटे. पण गेले नाही. ते दया दाखवल्यासारखं झालं असतं, आणि दयेचा वास डॉक्टरांना लांबूनही येत असे. शिवाय तो तांब्या कुणाचा होता हे मला आता माहीत होतं. तो आपण परस्पर उचलणं बरं दिसलं नसतं. म्हणून ते मोजायचे तोवर मी आत काहीतरी चाळवाचाळव करत राहायचे. दहा झाले की म्हणायचे, या.

तीन महिन्यांनी त्यांनी गाय तपासली आणि गाभण असल्याचं सांगितलं. सांगताना आवाज अगदी खाली, जणू मोठ्यानं बोललं तर तडा जाईल. रिकामा डबा त्यांनी भंगारात दिला नाही. तो स्टुलावरच होता, आवरण धुऊन पुन्हा घातलेलं. आता भरायला काही नव्हतं, कुठं जायला कुणाची आडकाठी नव्हती, तरी ते रायपूरला गेले नाहीत. मुलीला सांगितलं, पावसाळा होऊ दे. तिनं मला फोन करून विचारलं, आता काय अडलंय? मी म्हटलं, घाई म्हणजे तडा.

पाऊस सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळी मी शाळेत जायला वेणी घालत होते, कंगवा केसांत, आणि बाहेर फाटक वाजलं. डॉक्टर आले ते थेट आत. चपला पायात, पोटऱ्यांपर्यंत चिखल, सदऱ्याच्या बाह्यांवर वाळलेलं काहीतरी. ते आदल्या दिवसापासून लामत्याला होते हे मला माहीत होतं. बैठकीच्या मधोमध उभे राहून त्यांनी सांगितलं, कालवड हाये. पांढरीशुभ्र. काळ्या गायीले पांढरी कालवड, सारं गाव पाहाले आलतं. आपल्या पायांनी उभी राहिली. दूध प्यायली. डोळे तसेच बदामी. सगुणाबाई नाव विचारत होत्या. मी त्यांले म्हटलं, कालवड तुमची, नाव तुमी ठेवा. तर म्हणाल्या, चांदणीच ठेवते.

एवढं बोलून ते थांबले. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. माझ्या धुतलेल्या फरशीवर उंबऱ्यापासून त्यांच्यापर्यंत चिखलाची पावलं उमटली होती. त्यांनी त्या पावलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लहान मुलाला चूक उमगावी तसा त्यांचा चेहरा झाला. ते मागे वळले. उंबऱ्याबाहेर गेले, चपला काढल्या, हात मागे बांधले, मान खाली घातली.

“एक,” ते म्हणाले.

या वेळी ओठांतल्या ओठांत नव्हतं. मला ऐकू येईल इतकं मोठ्यानं होतं.

मी कंगवा टाकला आणि स्वयंपाकघराकडे पळाले. तांब्या सापडेना. सापडला तेव्हा बाहेर पाच झाले होते. माठात ओगराळं बुडवता बुडवता मी आतून ओरडले, “थांबा, पाणी आणून राह्यली.” शाळेत, घरात, कुठंही मी असं बोलत नाही. ते तोंडातून कसं निघालं मला सांगता येणार नाही.

बाहेर आकडा सहावर क्षणभर अडकला. मग सात झाले. आठ झाले. नऊ जरा लांबलं.

दहा म्हटलं तेव्हा मी दारात होते. डॉक्टरांनी वर पाहिलं नाही. मी पाणी ओतत राहिले. त्यांनी आधी उजवा पाय धुतला, मग डावा, खांद्यावरच्या पंच्यानं दोन्ही कोरडे केले, आणि आत आले.